गालाच्या हाडाला टांगलेला टाळू

कर्करोगासारख्या आजारात वरचा जबडा काढला की नाक आणि तोंड एक होतं. पाण्याचा घोट नाकातून परत येतो, बोलणं इतकं गेंगाणं होतं की फोनवर पलीकडच्याला काही कळत नाही. हे भोक बुजवणाऱ्या कवळीला ऑब्च्युरेटर म्हणतात. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1923 पासून 1939 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती वागवली. घट्ट बसवली तर जखमा, सैल केली तर बोलणं आणि खाणं अवघड. घरच्यांनी तिचं नाव 'राक्षस' ठेवलं होतं!

अडचण धरायला जागा नसण्याची. बाजूचे दात उरले असतील तर तारेचे आकडे अडकवता येतात. तेही गेले, तर कवळी आतून कितीही पोकळ आणि हलकी केली तरी ती खाली येणारच.

यावरचा उपाय स्वीडनमधून आला. तिथले संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. 1952 मध्ये त्यांना दिसलं, की हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काही केल्या निघत नाही. हाड त्याला घट्ट धरून बसलंय. 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवले. पुढे त्यांनीच गालाच्या हाडात जाणारा लांब स्क्रू तयार केला: 30 ते 52.5 मिलिमीटर. जबडा गेला तरी हे हाड बहुतेकदा शिल्लक असतं. स्क्रूंवर धातूचा दांडा आणि दांड्यावर क्लिपने किंवा चुंबकाने बसणारी कवळी. रुग्ण ती स्वतः काढून धुतो. डॉक्टरांनाही आतली पोकळी तपासता येते. कर्करोग परत उलटलाय का, हे पाहायला ती उघडी मिळणं फार मोलाचं.

डोळा किंवा गालही गेला असेल, तर बाहेरून त्वचेच्या रंगाशी जुळवलेला सिलिकॉनचा तुकडा लागतो. तो रोग्याला समोर बसवून हातानेच रंगवतात. काही वर्षांत रंग उडतो, कडा फाटतात, नवा करावा लागतो. हा कायमचा खर्च आधी कुणी समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो.

2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, महाराष्ट्रात अनेकांचे जबडे गेले, त्यातले बरेच मधुमेही. तेव्हा जीव वाचवण्याची घाई होती, कवळीचा विचार आधी झाला नाही, ते समजण्यासारखं आहे. पण कर्करोगात बहुधा थोडा वेळ मिळतो, आणि किरणोपचारांनंतर हाड इम्प्लांटला तितकं नीट धरत नाही. म्हणून घरातल्या कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर त्याआधीच कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञाला, प्रोस्थोडॉन्टिस्टला, भेटा आणि तोंडाचं माप द्या. माप आधी असेल, तर पहिली तात्पुरती कवळी ऑपरेशन टेबलावरच बसवता येते.