पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला हुशार विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जातो आणि एकाएकी अडखळतो. प्रकाशाचे अपवर्तन त्याला ठाऊक असते. अडते ते इंग्रजी वाक्यापाशी. मग काय करावे? शब्दार्थ पाठ करावेत?

फिजी बेटांवरील एक प्रयोग पाहा. वॉर्विक एली व फ्रान्सिस मंगुभाई यांनी तो १९८० साली तेथील ग्रामीण शाळांत सुरू केला. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. आठ शाळांना इंग्रजी गोष्टींच्या २५० सचित्र पुस्तकांचे संच दिले. इतर चार शाळांत वाक्यरचना घोकून घेणे नेहमीप्रमाणे चालू राहिले. आठ महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हा गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचून व ऐकून समजण्यातील प्रगती दुप्पट वेगाने झालेली आढळली. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला.

असे का व्हावे? शब्द एका भेटीत आपलासा होत नाही. 'रन' हा साधा शब्द घ्या. मुलगा धावतो, नदी वाहते, यंत्र चालते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'रन'च! हे अर्थ पाठ करण्यापेक्षा निरनिराळ्या वाक्यांत भेटले की पक्के बसतात. लहानशा पाठ्यपुस्तकात इतक्या भेटी होणार कशा?

मात्र पुस्तक सोपे हवे. हू आणि नेशन या संशोधकांना २००० साली असे दिसले, की दर पाच शब्दांत एक अनोळखी असेल, तर कोणालाच गोष्ट पुरेशी समजत नाही. विनासायास वाचायचे, तर शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत.

आता करून पाहा. पुस्तकातले कोणतेही पान उघडून शंभर शब्द मोजा. त्यांत अनोळखी किती? दोन-तीन असतील, तर पुस्तक घरी न्या. पाचांहून अधिक असतील, तर त्याहून सोपे निवडा. ते लहान मुलांचे असले तरी संकोच नको. वाचताना शब्दागणिक कोश उघडू नका. संदर्भावरून अर्थ ताडा. पुन्हा पुन्हा अडवणारा शब्दच तेवढा कोशात पाहा.

शिक्षकांनीही वर्गात अशा पुस्तकांची एक पेटी ठेवावी. मात्र त्यांवर परीक्षा घेऊ नये. रोज पंधरा मिनिटे वाचा. अकरावीचे पुस्तक हाती येईल, तेव्हा त्यातले बरेच शब्द तुमच्या ओळखीचे निघतील.