आधी ऊन, मग नकाशा

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तरी इथे पश्चिमेला काचेच्या भिंतीची इमारत उभी राहते. आर्किटेक्टचं काम दर्शनी रूपापासून सुरू होतं, या समजुतीचा हा परिणाम.

ही समजूत तपासायला आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांची वाटचाल पाहावी. १९१६ साली कोकणात आचऱ्याला जन्म, मुंबईत जे. जे.मध्ये शिक्षण, मग सरकारने धाडलं म्हणून हार्वर्डला आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे. परतल्यावर त्यांनी सरकारी नोकरीत प्रयोगशाळांच्या इमारती आखल्या आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली. नोकरीतली ती वर्षं मला मोलाची वाटतात. प्रयोगशाळेत पाणी, वायू, हवा कुठून खेळणार हे आधी ठरतं, भिंती नंतर.

हीच रीत त्यांनी आखलेल्या, गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत दिसते. आतली वाफ आणि उष्णता बाहेर काढायला उंच वायुमार्ग हवे होते. छपरावर उठलेल्या त्या मनोऱ्यांनीच इमारतीला तिचा चेहरा दिला. त्यांनीच आखलेल्या आयआयटी कानपूरमध्ये उन्हापावसातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इमारती जोडणारे उंचावरचे मार्ग आहेत.

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांनी जाड मातीच्या भिंती आणि मातीचं सपाट छत वापरून उन्हाला असंच उत्तर दिलं होतं. आज घर बांधणाऱ्याने आर्किटेक्टला पहिला प्रश्न विचारावा: दुपारी तीनला ऊन कुठल्या खोलीत येईल, आणि रात्री भिंतींतली उष्णता कुठून बाहेर जाईल?