बदला आणि मोबदला

मजुरीचा मोबदला देतात आणि अपमानाचा बदला घेतात. एक शब्द सलोख्याचा, दुसरा वैराचा. पण दोन्ही शब्द अरबीतील एकाच धातूपासून आले असून एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. अदलाबदल आणि नोकरीतली बदली हे शब्दही त्याच घराण्यातले.

मुंबईच्या शेअर बाजारात तर बदला हा शब्द वैराशिवाय अनेक वर्षे नांदला. खरेदीदाराजवळ पैसे नसले की सौदा पुढच्या मुदतीवर ढकलला जाई. पैसा पुरवणारा त्याबद्दल जो आकार घेई, त्याला बदला म्हणत. सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. पुढे ती सुधारित स्वरूपात परत आली आणि जुलै २००१ मध्ये कायमची बंद झाली.

देशादेशांच्या व्यापारात मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के जादा शुल्क लावले. भारताने जशास तसे उत्तर जाहीर केले, पण ते वर्षभर पुढे ढकलत बोलणी चालू ठेवली. जून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाची शुल्कसवलत काढून घेतली. त्याच महिन्यात भारताने २८ अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क बसवले. त्यांत बदाम, अक्रोड, हरभरा, मसूर होते. सफरचंदावरील शुल्क ५० टक्क्यांवरून ७० टक्के झाले. भांडण पोलादाचे होते, मार बागायतदाराला बसला.

परिणाम काय झाला? सरकारी आकड्यांप्रमाणे २०१८-१९ मध्ये अमेरिकेतून सुमारे १ लाख २८ हजार टन सफरचंद आले होते. २०२२-२३ मध्ये ते साडेचार हजार टनांवर आले. याच काळात इतर देशांतून होणारी सफरचंदाची आयात १६ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर गेली. तुर्कस्तान, इटली, चिली, इराण, न्यूझीलंड यांनी रिकामी जागा भरली. बदला दोघांनी घेतला, मोबदला तिसऱ्याच्या पदरात पडला.

जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी सहा तंटे मिटवायचे ठरवले. सप्टेंबरमध्ये भारताने सफरचंद, बदाम, अक्रोड वगैरेंवरील जादा शुल्क उठवले. अमेरिकेनेही पोलाद व अ‍ॅल्युमिनियमला वाट करून दिली. म्हणजे उत्तरादाखल लावलेले शुल्कच शेवटी देवाणघेवाणीचे नाणे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आमच्या मते या हिशेबात लहान व्यापाऱ्यासाठीही धडा आहे. शेजारच्या दुकानदाराने भाव पाडला म्हणून आपणही खरेदीच्या खाली विकू लागलो, तर दोघांचे भांडवल जाते आणि गिऱ्हाइकाला मात्र स्वस्ताची सवय लागते. एखाद्याने बिल थकवले म्हणून त्याचा माल अडवणे भाग पडेलही. पण आधी मुदत द्यावी, नुकसानीइतकेच अडवावे आणि पैसे येताच माल मोकळा करावा. जे उत्तर मागे घेता येते, तेच व्यापारात कामाचे. बाकीचे खाते कधी मिटत नाही, आणि न मिटणाऱ्या खात्यात मुद्दल बुडतेच.