जुने ग्राफिक्स कार्ड घेताना : लिनक्स वर्कस्टेशनसाठी काही व्यवहारी विचार

व्यापारी मनुष्यास जुन्या मालाचे वावडे नसते. जुनी तिजोरी, जुना काटा, जुने शिवणयंत्र पारखून घेतले तर नव्याइतकीच सेवा देते आणि वाचलेला पैका भांडवलात राहतो, हे आपण वाडवडिलांपासून पाहत आलो आहोत. अलीकडे दागिन्यांचे नमुने, कापडावरील नक्षी, छपाईची मांडणी व इमारतींचे आराखडे संगणकावर तयार होऊ लागले आहेत. आणि परवान्यांचा वार्षिक भुर्दंड टाळण्यासाठी काही पेढ्यांनी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली स्वीकारली आहे. अशा संगणकात बसविण्यासाठी वापरलेले व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणत्या कसोट्या लावून, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मर्म पूर्णपणे व्यापारी आहे.

प्रथम 'व्यावसायिक' म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावर जे जे उमटते ते रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. खेळांसाठी विकली जाणारी कार्डे आणि आरेखनाच्या कामासाठी विकली जाणारी कार्डे यांच्या पोटातील मुख्य चिप पुष्कळदा एकाच घराण्यातील असते. एनव्हिडिया कंपनीचे क्वाड्रो पी २००० आणि खेळाचे जीटीएक्स १०६० ही दोन्ही एकाच चिपवर उभारलेली आहेत. एएमडीचे रेडिऑन प्रो डब्ल्यूएक्स ७१०० आणि आरएक्स ४८० यांचेही तसेच. फरक असतो तो बांधणीत व हमीत. व्यावसायिक कार्ड बहुधा कमी वीज घेते, संगणकात थोडी जागा अडविते, त्यास तीन-चार पडदे एकदम जोडता येतात आणि आरेखनाच्या मोठ्या सॉफ्टवेअरांबरोबर ते तपासून प्रमाणित केलेले असते. मोठ्या कंपन्या ठराविक वर्षांनी आपली वर्कस्टेशने बदलतात, तेव्हा ही कार्डे बाजारात येतात. सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड वा दिल्लीचे नेहरू प्लेस येथे असा माल पाहावयास मिळतो. मूळ किमतीच्या मानाने तो स्वस्त असतो, आणि मोह होतो तो येथेच.

या मोहात आम्हीही सापडलो होतो. २०२३ साली आमच्या पेढीच्या नमुना-विभागासाठी आम्ही क्वाड्रो के ४००० हे कार्ड घेतले. कार्ड स्वच्छ होते, पंखा शांत होता, तीन गिगाबाइट स्मृती होती आणि भाव मनाजोगता होता. वर्ष-सव्वा वर्ष ते उत्तम चालले. पुढे संगणकप्रणालीची नवी आवृत्ती बसविली आणि पडदा काळा झाला. लग्नसराईचे दिवस, नमुन्यांची मागणी तुंबलेली, आणि आम्ही तीन दिवस तारा काढून तारा जोडीत बसलो. अखेर कळले की कार्डात कसलाही बिघाड नव्हता. विक्रेत्याने माल चोख दिला होता. चूक आमची होती : आम्ही कार्ड पारखले, परंतु कार्डाचा दुभाषी पारखला नाही.

हा दुभाषी म्हणजेच ड्रायव्हर. लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, आणि ग्राफिक्स कार्ड यांची भाषा निराळी असते. ड्रायव्हर नावाचे सॉफ्टवेअर एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून देते. कर्नलच्या नव्या आवृत्त्या दर नऊ-दहा आठवड्यांनी निघतात व त्यांत अंतर्गत बदल होत राहतात. ड्रायव्हरने त्या बदलांशी जुळवून घेतले नाही, तर निर्दोष कार्डही मुके होते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, जुन्या कार्डाचे वय त्याच्या बाह्य स्थितीवरून मोजू नये. त्याचा ड्रायव्हर आणखी किती वर्षे सांभाळला जाईल, यावरून मोजावे.

या बाबतीत दोन कंपन्यांची रीत भिन्न आहे. एनव्हिडियाचा मुख्य ड्रायव्हर दीर्घकाळ पूर्णपणे बंदिस्त होता. तो दुभाषी कंपनीचा पगारी नोकर. कंपनीने त्यास माघारी बोलाविले की दुसरा तयार नाही. फर्मी पिढीच्या कार्डांसाठी असलेल्या ३९० क्रमांकाच्या शाखेचा सांभाळ २०२२ अखेर थांबला. केपलर पिढीची ४७० ही शाखा २०२४ मध्ये संपली. आमचे के ४००० याच पिढीतले. २०२५ मध्ये निघालेली ५८० ही शाखा मॅक्सवेल, पास्कल व व्होल्टा या तीन पिढ्यांची अखेरची शाखा ठरली. आर्च लिनक्सने डिसेंबर २०२५ मध्ये त्यापुढील ५९० शाखा स्वीकारली, तेव्हा पास्कल व मॅक्सवेल कार्डे बाळगणाऱ्यांस जुनी शाखा स्वतंत्रपणे बसवावी लागली. 'नूवो' नावाचा समाजनिर्मित मुक्त ड्रायव्हर आहे खरा. परंतु मॅक्सवेलच्या दुसऱ्या तुकडीपासून पास्कलपर्यंतच्या कार्डांत कंपनीची स्वाक्षरी असलेल्या फर्मवेअरशिवाय वेग वाढविता येत नाही, त्यामुळे ती कार्डे नूवोवर मंद गतीनेच चालतात. २०१८ मध्ये अवतरलेल्या ट्युरिंग पिढीपासून परिस्थिती पालटली आहे. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ट्युरिंग व त्यापुढील पिढ्यांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. म्हणून एनव्हिडियाचेच कार्ड हवे असेल, तर ट्युरिंग ही आजची उंबरठ्याची पिढी समजावी.

पिढी ओळखण्यातच मोठी मेख आहे. '४०००' हा एकच आकडा या कंपनीने पुनःपुन्हा वापरला आहे. २०१० चे क्वाड्रो ४०००, २०१३ चे के ४०००, २०१५ चे एम ४०००, २०१७ चे पी ४०००, २०१८ चे क्वाड्रो आरटीएक्स ४०००, २०२१ चे आरटीएक्स ए ४००० आणि २०२३ चे आरटीएक्स ४००० एडा : एका आकड्याचे सात निरनिराळे माल, सात निरनिराळ्या पिढ्यांचे! 'चार हजारचे कार्ड आहे, शेठ' एवढ्या सांगण्यावर व्यवहार करणारा मनुष्य दोन गिगाबाइटपासून वीस गिगाबाइटपर्यंत काहीही घरी आणू शकेल. अक्षरावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. के ४००० केपलर आहे, परंतु के ६२० व के २२०० ही नावात 'के' असूनही मॅक्सवेल पिढीची आहेत. खात्रीचा उपाय म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलवर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. चिपचे सांकेतिक नाव पडद्यावर येते. त्याचा आरंभ 'जीके'ने झाला तर केपलर, 'जीएम' तर मॅक्सवेल, 'जीपी' तर पास्कल, 'टीयू' तर ट्युरिंग आणि 'जीए' तर अँपिअर. एवढी पाच अक्षरयुग्मे खिशातील वहीत लिहून ठेवली तरी पुरे.

एएमडीची रीत याहून वेगळी. तिचा 'एएमडीजीपीयू' हा मुक्त ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ आवृत्तीत समाविष्ट झाला. हा दुभाषी घरातच राहतो. कर्नल बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर तोही बदलला जातो, आणि कंपनीबाहेरचे लोकही त्याची निगा राखू शकतात. २०१२ च्या सुमाराच्या अगदी पहिल्या जीसीएन कार्डांसाठीही २०२५ मध्ये या ड्रायव्हरात नवे सुधारणाकार्य झाले, यावरून त्याच्या दीर्घायुष्याची कल्पना येईल. चित्रे, मांडणी, आराखडे, हिशेबाचे तीन-चार पडदे एवढेच काम असेल, तर डब्ल्यूएक्स ४१०० वा डब्ल्यूएक्स ५१०० यांसारखे कार्ड कोणतेही निराळे सॉफ्टवेअर न बसविता चालू होते, हा मोठाच लाभ होय.

तथापि येथे घाई करू नये, कारण निर्णय अखेर कामाने व्हावयाचा असतो. दागिन्यांची घन प्रतिमा ब्लेंडरमध्ये उजळून काढावयाची असेल, तर डब्ल्यूएक्स मालिकेतील पोलारिस कार्डे निरुपयोगी ठरतात. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ मधील ३.० आवृत्तीपासून ओपनसीएलचा आधार काढून टाकला, आणि त्या जागी आलेल्या व्यवस्थेत पोलारिसला स्थान नाही. अशा कामास एनव्हिडियाची कूडा पद्धती सोयीची. त्यासाठी टी १००० हे आठ गिगाबाइटचे किंवा आरटीएक्स ए २००० हे कार्ड पाहावे. २०२५ च्या कूडा १३ आवृत्तीने पास्कल व त्याआधीच्या पिढ्या वगळल्या आहेत, हेही ध्यानात असावे.

मग पी २००० सारखे पास्कल कार्ड मुळीच घेऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. पाच गिगाबाइट स्मृतीचे हे गुणी कार्ड आहे. दीर्घ मुदतीची, सावकाश बदलणारी लिनक्स आवृत्ती वापरणाऱ्यास ते आणखी काही काळ चाकरी देईल. मात्र भाव त्या मानाने द्यावा. त्यासाठी साधा हिशेब करावा. समजा, एक कार्ड चार हजार रुपयांस मिळते आणि त्याच्या ड्रायव्हरची दोन वर्षे उरली आहेत. दुसरे नऊ हजारांस मिळते आणि सहा वर्षे चालण्याजोगे आहे. पहिल्याचा वर्षाचा खर्च दोन हजार, दुसऱ्याचा दीड हजार. स्वस्त कोणते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आता मालाच्या बाह्य गोष्टी. संगणकाच्या खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक घेणाऱ्या कार्डास वीजपुरवठ्यातून स्वतंत्र जोडणी लागते, आणि कार्यालयीन संगणकांत ती पुष्कळदा नसतेच. पी २००० व डब्ल्यूएक्स ५१०० प्रत्येकी ७५ वॅट, ए २००० ७० वॅट आणि टी १००० ५० वॅट घेते. ही खाचेवरच चालतात. पी ४००० ला १०५ व डब्ल्यूएक्स ७१०० ला १३० वॅट लागतात, म्हणून त्यांस वेगळी तार हवी. संगणकाची पेटी बुटकी असेल तर कार्डाची आखूड पट्टी बरोबर आहे की नाही ते पाहावे. जुन्या मालात ती हटकून हरविलेली असते. लहान कार्डांवर मिनी डिस्प्लेपोर्टची तोंडे असतात. त्यांचे जोड विक्रेत्याकडे मागावेत, अन्यथा चार जोडांची किंमत कार्डाच्या भावात धरावी.

पारख करताना कार्ड चालू अवस्थेतच पाहावे. लिनक्स भरलेली पेनड्राइव्ह आपणच घेऊन जावी व संगणक तिच्यावरून सुरू करावा. कार्डावरील चिठ्ठी, 'एलएसपीसीआय'ने दाखविलेली चिप आणि प्रत्यक्ष स्मृती या तिन्हींचा मेळ बसावा. अर्धा तास जड काम देऊन पडद्यावर रंगीत ठिपके वा पट्टे उमटतात काय, पंखा कुरकुरतो काय, तापमान एका ठिकाणी स्थिरावते की चढतच जाते, हे पाहावे. प्रत्येक तोंडास पडदा जोडून पाहण्याचा आळस करू नये. केवळ तापमान अधिक असेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर चिपवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलून काम भागते. ठिपके दिसले तर मात्र कितीही कमी भावात ते कार्ड घेऊ नये.

शेवटची गोष्ट पावतीची. वापरलेल्या वस्तूच्या व्यापाऱ्याने खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर जीएसटीच्या नियम ३२ (५) नुसार तो केवळ नफ्याच्या रकमेवर कर भरू शकतो. तेव्हा 'बिलाने भाव फार वाढेल' ही सबब ऐकून घेऊ नये. बिलावर कार्डाचे पूर्ण नाव, क्रमांक व 'वापरलेले' हा शब्द असावा. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि बनावट वस्तू खऱ्याच्या भावात खपविणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हे दोन्ही आहेत. जुन्या संगणकी भागांच्या बाजारात जुन्या चिपवर नवे नाव चढवून विकण्याचे प्रकार घडलेले आहेत. घेणाऱ्याने बिल मागितले म्हणजे पहिला दोष टळतो, आणि विकणाऱ्याने पिढी उघड सांगितली म्हणजे दुसरा. आपल्यापैकी जे सभासद आपली जुनी वर्कस्टेशने विकतात, त्यांनीही कार्डाचा ड्रायव्हर कोणत्या शाखेवर थांबला आहे ते गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावे. आम्हांस ते कोणी सांगितले असते, तर आमचे तीन दिवस वाचले असते.

आमचे ते के ४००० आम्ही मोडीत काढले नाही. जुन्याच प्रणालीवर, आंतरजालापासून तोडलेल्या एका संगणकात ते आजही नमुन्यांची जुनी दप्तरे दाखविण्याचे काम इमानाने करीत आहे. वस्तू टाकाऊ नव्हती. तिला योग्य जागा हवी होती. गरजेपुरतेच घ्यावे, घेतलेले शेवटपर्यंत वापरावे आणि घेण्यापूर्वी त्याचे उरलेले आयुष्य मोजावे, हा आपल्या वडिलांनी घालून दिलेला धडा या नव्या मालासही तंतोतंत लागू पडतो.