क्रिएटिनीन १.१ आलं खरं, पण वय किती?

माती परीक्षणाचा रिपोर्ट समजावून सांगायला गावात गेलं, की हल्ली त्याच्यासोबत आणखी एक कागद पुढे येतो. आजोबांच्या रक्ततपासणीचा. "साहेब, किडनीचं नॉर्मल आहे ना?" माझी पदविका शेतीची, मी काही डॉक्टर नाही. पण हा आकडा कसा वाचायचा, एवढं तुम्ही-आम्ही समजून घ्यायला हरकत नाही. कारण 'नॉर्मल' या एका शब्दाच्या भरवशावर गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात.

क्रिएटिनीन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ती मंदावली, की तो रक्तात साठतो. आता शेततळं डोळ्यापुढे आणा. सांडवा गाळाने निम्मा बुजला, पण वरून येणारं पाणीही निम्म्यावर आलं, तर पातळी जिथल्या तिथेच दिसणार! म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं, क्रिएटिनीन मुळात तयारच कमी होतं. त्यामुळे गाळणी बिघडली तरी आकडा शहाण्यासारखा जागेवर बसतो.

१९७६ साली कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या डॉक्टरांनी एक सूत्र दिलं. १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा. क्रिएटिनीनला ७२ ने गुणून जे येईल, त्याने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. तीस वर्षांच्या, ६५ किलोच्या गड्याचं क्रिएटिनीन १.१ असेल तर उत्तर येतं ९०. पंचाहत्तरीच्या, ४५ किलोच्या आजोबांचं तेच १.१ असेल तर ३७. म्हणजे मिनिटाला साधारण तितके मिलिलिटर रक्त साफ होतं. कागदावर मात्र दोघेही नॉर्मल.

पण गंमत पुढेच आहे. बऱ्याच लॅब आता रिपोर्टवर 'ईजीएफआर' छापतात. त्याचं २०२१ चं सूत्र वय धरतं, पण वजन धरत नाही. उत्तर सरासरी अंगलटीच्या माणसाच्या मापाने देतं. त्याने याच आजोबांचा आकडा येतो ७०. आता ३७ खरे की ७०? मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ४५ च्या खाली सहसा कमी करतात, ३० च्या खाली बंद करतात. म्हणजे हा फरक किरकोळ नव्हे.

इथे सिस्टॅटिन-सी कामाला येतं. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी हे छोटं प्रथिन सारख्या गतीने बनवतात, त्यामुळे दंड बारीक की जाड याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. आदल्या रात्रीच्या मटणाने क्रिएटिनीन वर जातं, तसंही याचं होत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८५ सालीच ते मूत्रपिंडाच्या मोजमापासाठी पुढे आणलं. जिथे नुसत्या क्रिएटिनीनवर विसंबता येत नाही, तिथे दोन्ही मिळून हिशेब करावा, असं 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं आहे. तपासणी क्रिएटिनीनपेक्षा महाग पडते, म्हणून सरसकट सगळ्यांनी करू नये. पण घरातलं म्हातारं माणूस वाळत चाललंय, आणि बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तर डॉक्टरांना जरूर विचारा. थायरॉइडचा आजार असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा विडी ओढत असतील, तर तेही सांगा. त्याने हा आकडाही भरकटतो.

आणि तोपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. हगवण, उलट्या किंवा उन्हाचा तडाखा बसून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर नाहीच नाही.

आकडा एकदा ६० च्या खाली आला म्हणून हातपाय गाळायचे कारण नाही. तो तीन महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला, तरच डॉक्टर त्याला जुनाट आजार म्हणतात. सोबत लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या.