उघडी कीर्द, अनोळखी धनी

बिटकॉइनचा व्यवहार गुप्त असतो, हा समज अर्धाच खरा आहे. पेढीवरची रोजकीर्द मुनीम परक्याला दाखवत नसे. ही कीर्द मात्र हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते आणि कोणालाही वाचता येते. मागची नोंद खोडणे जवळजवळ अशक्य. नाव तेवढे नसते. त्या जागी अक्षरे आणि अंक यांची लांब माळ असते, तिला पत्ता म्हणतात. पैसा पत्त्यापत्त्यांतून फिरत अखेर रुपये-डॉलर होण्यासाठी बहुधा एखाद्या विनिमय केंद्रात येतो. तिथे ओळखपत्र द्यावे लागते, आणि माग लागतो तो तिथेच.

अमेरिकेत ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या चोरबाजाराचा तपास चालू असताना सीक्रेट सर्व्हिसच्या शॉन ब्रिजेस या अधिकाऱ्याने २०१३ मध्ये तिथलीच सुमारे २०,००० बिटकॉइन लांबवली. कीर्दीने त्यालाही सोडले नाही. २०१५ मध्ये ७१ महिन्यांची कैद झाली. पण त्याआधीच त्याने जप्त मालातली आणखी १,६०० नाणी काढून घेतली होती! किल्ली त्याच्यापाशी होती आणि नाणी नव्या पत्त्यावर हलवलेली नव्हती. ही किल्ली म्हणजे एक गुप्त संख्या, कुणीही टिपून ठेवावी अशी. दागिन्यांना लाखेचे सील लावता येते, संख्येला कसे लावणार? जप्त नाणी लगोलग सरकारी पत्त्यावर नेणे, हाच इथला खरा पंचनामा. पुण्यातही बिटकॉइन फसवणुकीच्या २०१८ च्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली. आरोप होता, तपासातली नाणी परस्पर वळवल्याचा.