कात्री लागण्याआधी

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेत फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घातलेल्या बायका दिसल्या की नजर आधी कपड्यांवरच्या आरशांवर जाते. जरा निरखून पाहिलं, तर रंगीत तुकड्यांची जोडणीही तितकीच विचारपूर्वक केलेली आढळते. शिवणकामाचं कौतुक आपण टाक्यांवरून करतो, पण त्याचा पाया बेतण्यात आहे. कापड वाचणार की कतरणीत जाणार, हे कात्री लागण्याआधीच ठरतं.

वीस कळ्यांचा घागरा घ्या. शिलाईचं धरून प्रत्येक कळी वर 3 इंच, खाली 9 इंच आणि लांबीला 36 इंच. कापडाचा पन्हाही 36 इंच. सगळ्या कळ्या एकाच दिशेने आखल्या, तर पन्ह्यात चारच बसतात आणि पाच वार कापड लागतं. एक कळी सुलटी, दुसरी उलटी अशी आखली, तर पाच कळ्या 33 इंचांत मावतात आणि काम चार वारांत होतं. आधी एक तृतीयांश कापड उरत होतं, आता एक षष्ठांश. त्यातही काठाची 3 इंची पट्टी अखंड निघते आणि ती जोडून नेफा होतो. मखमलीला किंवा एका दिशेच्या छापाला ही युक्ती चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मखमलीची लव उलटली की शेजारच्या कळीचा रंग वेगळा दिसतो. तिथे जास्त कापड घेणं हाच प्रामाणिक बेत, आणि गिऱ्हाइकाला ते आधीच सांगायला हवं.

आता बेतण्याचं हे काम संगणक करतो, मग शिंपी मास्तरांच्या नजरेचं काय, असंही विचारलं जातं. गणित जुनंच आहे. गणितज्ञ कांतोरोविच यांनी 1939 साली, पुढे गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 साली अशा कापणीची रीत मांडली. तरीही तयार कपड्यांच्या उद्योगात साधारण 15 टक्के कापड कापतानाच वाया जातं, असा अंदाज नेहमी दिला जातो. कारण आकार आधी ठरतात आणि कापडाचा विचार मागाहून होतो. मास्तर पन्हा बघूनच घेर सुचवतो; ही मुभा यंत्राला कुणी दिलेलीच नसते. मास्तराचीही अडचण आहे, त्याच्यापुढे एका वेळी एकच कपडा असतो. ती अडचण बचत गटांना नाही. 2024-25 मध्ये शालेय गणवेश शिवण्याचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत त्यांच्याकडे आलं होतं. अशा कामात शिवण्याबरोबर बेतणंही गटांकडेच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. सातवीच्या सदऱ्याच्या बगलेशेजारी उरलेल्या जागेत पहिलीच्या सदऱ्याची कॉलर आणि खिसा सहज बसतो. त्यासाठी लांब टेबल हवं, आणि सगळ्या मापांची यादी कापड पसरण्याआधी हातात हवी.